ठ

ठोसर वजनकाटे, रोड नंबर बावीस, वागळे इस्टेट.
शटर अर्धंच वर. आत ग्रीसचा वास,
भिंतीवर पितळी पारडी, मोठीवर लहान,
आणि टेबलावर माझा कागद.
त्यावर एकच अक्षर.

शिरोरेघ म्हणजे दांडी,
तिच्याखालची उभी काडी म्हणजे हूक,
हुकाला लोंबणारी गोल तबकडी.
ठ.
ज्यानं कुणी पहिल्यांदा लिहिलं
त्याला कुठं ठाऊक होतं
की आपण काटा टांगतोय.

पोट मी काळं भरलं होतं.
काटा काढला नव्हता,
काटा राहू दिला होता:
शाई जिथं गेलीच नाही
तेवढी सुईएवढी पांढरी फट,
शून्यावर थांबलेली.

दिगंबर ठोसरांनी चष्मा कपाळावर नेला.
"काळ्याचे पैसे देतो," म्हणाले,
"पांढरा तर कागदच आहे की.
तो काय तुम्ही केलात?"

नऊ वर्षं ऐकतेय हे.
घोडबंदरच्या एका बिल्डरनं मोकळ्या जागेत
नारळाचं झाड घालायला लावलं होतं,
नौपाड्यातल्या दंतवैद्यानं
दोन दातांमधल्या फटीत फोन नंबर.
उत्तर पाठ आहे माझं,
त्यात दोन परदेशी शब्द येतात,
म्हणून आधी घसा खाकरावा लागतो.

खाकरले, तेवढ्यात
बाळकुमच्या बेबीताई भोपी आल्या,
पिशवीतून तागडीच्या साखळ्या ओघळत.
"सोमवारी निस्पेक्टर येतोय जांभळी नाक्यावर.
बघा हो, डावी खाली जाते."

ठोसरांनी तागडी उचलली.
काही ठेवलं नाही तिच्यात.
नुसती धरली, बराच वेळ,
दोन रिकाम्या ताटल्यांचं हलणं
संपेपर्यंत.
डावी खाली. केसभर.

मग शिशाचा एक तुकडा, हरभऱ्याएवढा,
कानस मारत, फुंकर मारत,
उजव्या साखळीत अडकवला.
पासंग.
आमच्या घरी हा शब्द फक्त टोमण्यात राहायचा,
थोरलीच्या पासंगालाही पुरणार नाहीस तू.
मी आज पहिल्यांदा पाहिला.
इतका लहान असतो.

पुन्हा धरली. पुन्हा रिकामीच.
दुकानात कुणी श्वास घेईना.

"तीस रुपये."
"एवढ्याशा शिशाचे?"
"शिसं फुकट, बेबीताई.
रिकामं बरोबर करायचे तीस.
कांदे काय, कुणीही भरतं."

बोलून गेले,
आणि जीभ चावल्यासारखे
माझ्या कागदाकडे वळले, जरा रागानंच,
जणू मीच आत शिरून त्यांच्या तोंडून वदवलं.
मी छताच्या पंख्याकडे बघत राहिले.
पाठ केलेलं उत्तर
तसंच घशात राहिलं.

पाटी लागली. रस्त्याच्या पलीकडून,
रिक्षा आड येत नसेल तेव्हा,
काटा छान दिसतो.

पण कोपरीच्या लछमनदासनं शिक्का केला
अंगठ्याच्या नखाएवढा,
आणि पंधरवड्यात शाई फटीत गोठली.
बिलावर आता काटा नाही,
नुसता काळा गोळा
रेघेला उलटा लटकलेला, वटवाघूळच.
मी म्हटलं, फट रुंद करून देते, पैसे नकोत.
"नको," ठोसर म्हणाले,
"जाड काटा खोटं बोलतो."

तर आता रोज सकाळी,
उदबत्तीच्याही आधी,
शिक्का पालथा तळहातावर, हातात टाचणी.
जे नाहीच, ते उकरून काढतात.
रद्दीवर एक ठसा.
पुन्हा टाचणी. पुन्हा ठसा.
गिऱ्हाईक उभं असलं तरी उभं.

माझं बिल? निम्मं मिळालं.
काळ्याचे आले.
पांढऱ्याचे अजून यायचेत.